सभेत संदेश देताना किंवा आजाऱ्यावर हात ठेवताना ‘तू कोण लागून गेलीस’ असं मन म्हणतं. काय करावं?

ताई, जय ख्रिस्त.

तुम्ही लिहिलंय की गृहसभेत एखाद्यासाठी देवाकडून शब्द, म्हणजे संदेश, मिळाल्यासारखा वाटतो, पण उठायच्या क्षणी सकाळी घरात झालेली खडाजंगी आठवते आणि तोंड बंद होतं. बोललात तर ‘हे माझ्याच मनाचं होतं’ म्हणून रात्रभर झोप नाही. आणि शेवटी विचारलंय की काही दिवस हे सगळं थांबवू का. तुमची मंडळी कृपादानं, म्हणजे संदेश देणं, आजारी बरे करणं यांसारखी पवित्र आत्म्याची दानं, आजही मिळतात असं मानते, हे धरून उत्तर देत आहे. ती प्रेषितांच्या काळातच संपली असं मानणाऱ्या मंडळ्याही आहेत, पण तो वाद इथे नको.

तुमच्या मनात तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच सुरात बोलतात: पापाची जाणीव, दोषारोप आणि मिळालेल्या शब्दाबद्दलची शंका. पहिलीचं ऐकायचं, दुसऱ्याला दारातूनच परत पाठवायचं आणि तिसरी जपायची. बहुतेक जण या तिन्हींना सैतानाचा हल्ला म्हणून झटकतात, नाहीतर तिन्हींपुढे मान टाकतात. दोन्हींत नुकसानच आहे.

पवित्र आत्मा पाप दाखवतो तेव्हा ते नेमकं असतं. ‘सकाळी सासूबाईंना तोडून बोललीस.’ पुढचं पाऊलही त्यातच असतं: जा, माफी माग. दोषारोप मात्र मोघम असतो. ‘तू अशीच आहेस, तुझ्या तोंडी प्रभूचं नाव शोभत नाही.’ त्यात करण्यासारखं काहीच नसतं, फक्त गप्प बसायचं असतं. वेळही बघा. आठवडाभर जे आठवलं नाही, ते नेमकं उठायच्या क्षणी आठवत असेल तर जरा सावध व्हा.

म्हणून सभेला निघण्याआधी दहा मिनिटं ठेवा. जे आठवतंय ते नाव घेऊन देवापुढे मांडा. माणूस घरातच असेल तर तिथल्या तिथे, नसेल तर फोनवर सांगा: ‘सकाळी मी चुकीचं बोलले, माफ करा.’ एवढंच. त्याला ‘पण तुम्हीसुद्धा’ जोडलंत की ती माफी राहत नाही. माणूस भेटत नसेल तर कधी बोलायचं ते ठरवा आणि सभेला जा. मत्तय ५:२३-२४ मध्ये वेदीपाशी दान ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितलंय, पण पुढे ‘मग येऊन दान अर्पण कर’ असंही आहे. हा दुसरा भाग आपण विसरतो.

हे झाल्यावर तीच गोष्ट पुन्हा टोचू लागली तर पुन्हा कबुली देऊ नका. एकाच पापाची चौथ्यांदा कबुली देणं म्हणजे नम्रता नव्हे, १ योहान १:९ वर, म्हणजे पाप कबूल केलं की देव क्षमा करतो या वचनावर, अविश्वास आहे. त्या क्षणी रोमकरांस ८:१ (ख्रिस्त येशूमध्ये असलेल्यांना दंडाज्ञा नाही) मोठ्याने म्हणा, निदान ओठ हलवून. मनातल्या मनात वाद घालू नका, कारण वादात दोष देणाऱ्याकडे मुद्दे भरपूर असतात आणि त्यातले बरेच खरेही असतात.

यासाठी जखऱ्याचा तिसरा अध्याय सावकाश वाचा. मुख्य याजक यहोशवा मळकी वस्त्रं घालून परमेश्वराच्या दूतापुढे उभा आहे आणि उजव्या हाताला सैतान आरोप करायला उभा आहे. कपडे खरोखरच मळके आहेत, ते स्वच्छ आहेत असं कोणी म्हणत नाही. तरी धमकावलं जातं ते सैतानाला, आणि यहोशवाचे कपडे बदलले जातात. तो स्वतः संपूर्ण प्रसंगात एक शब्द बोलत नाही. स्वतःची बाजू मांडायची गरज नाही, हे त्यातून घ्या.

कृपादान मिळणं आणि चांगलं चारित्र्य असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही डोक्यात पक्कं करा. करिंथच्या मंडळीत कोणत्याही कृपादानाची उणीव नव्हती (१ करिंथ १:७). त्याच मंडळीत गटबाजी होती, भाऊ भावाला कोर्टात खेचत होता, प्रभुभोजनाला कोणी उपाशी तर कोणी प्यालेला असे. प्रेषित पौलाने त्यांना खडसावलं, पण कृपादानं बंद करा म्हटलं नाही, ती वापरायची शिस्त घालून दिली. पेत्रानेही पांगळा चालू लागल्यावर लोकांना आधी हेच विचारलं: आमच्या सामर्थ्याने किंवा सुभक्तीने हा चालू लागला असं समजून आमच्याकडे का बघता?

याचा उलटा अर्थ मात्र काढू नका. मत्तय ७:२२-२३ मधल्या लोकांनी प्रभूच्या नावाने संदेश दिले, भुतं काढली, आणि तरी ‘मला तुमची ओळख नव्हती’ हे ऐकलं. चालू असलेलं, लपवलेलं पाप असेल, म्हणजे व्यभिचार, पैशाची अफरातफर किंवा दारू, तर ती टोचणी दोषारोप नाही. तेव्हा पाळकांना सांगून काही काळ मागे बसणंच योग्य. प्रत्येक कानउघाडणीला ‘हल्ला’ म्हणणारा माणूस मंडळीला घाबरणाऱ्या माणसापेक्षा महागात पडतो.

आता तिसरी गोष्ट, शब्दाबद्दलची शंका. ती घालवायचा प्रयत्नच करू नका. पौल स्वतः म्हणतो की आपलं कळणं अंशतः आहे आणि आपलं संदेश देणंही अंशतः आहे (१ करिंथ १३:९). दोघा-तिघांनी बोलावं आणि बाकीच्यांनी पारख करावी, असं तो १४:२९ मध्ये सांगतो. म्हणजे शंभर टक्के खात्री तुमच्याकडून अपेक्षितच नाही, पारख करायचं काम इतरांचं आहे. अनुवाद १८ मधला खोट्या संदेष्ट्याला मृत्युदंडाचा नियम वाचून घाबरणारे पुष्कळ आहेत. त्यांनी हे वचन शेजारी ठेवून वाचावं.

चुका कुठे होतात ते सांगतो. प्रत्येक शब्दाचे तीन थर असतात: काय दिसलं किंवा सुचलं, त्याचा अर्थ काय, आणि आता काय करायचं. घोळ सहसा दुसऱ्या-तिसऱ्या थरात होतो. कैसरीयात अगब नावाच्या संदेष्ट्याने पौलाचा कमरपट्टा घेऊन स्वतःचे हातपाय बांधले आणि यरुशलेमेत याच्या मालकाचं असंच होईल, एवढंच सांगितलं. ‘जाऊ नकोस’ हे अगब म्हणाला नाही. ते लूक आणि बाकीची मंडळी रडून म्हणू लागली, आणि पौल गेलाच (प्रेषितांची कृत्ये २१). सुरुवातीला तुम्ही फक्त पहिला थर द्या. अर्थ ऐकणाऱ्याला शोधू द्या.

बोलण्याची पद्धतही महत्त्वाची. ‘परमेश्वर असं म्हणतो’ याऐवजी ‘प्रार्थना करताना मला असं वाटलं, तुम्ही तपासून पाहा’ म्हणा. तीन-चार वाक्यं, दोन मिनिटांच्या आत, नेहमीच्या आवाजात, आपल्या घरच्या मराठीत. मनात धाकधूक असली की माणूस उलट लांबण लावतो. आवाज चढतो, दर वाक्याला दोन हालेलूया येतात, आणि टीव्हीवरच्या प्रचारकाच्या चालीवर गाडी अचानक हिंदीत शिरते. मुद्दा पहिल्या वाक्यातच संपलेला असतो, बाकीचं सगळं स्वतःची खात्री पटवण्यासाठी चाललेलं असतं. संपलं की बसा. कसोटी साधी आहे: वचनाच्या विरुद्ध नाही ना, आणि १ करिंथ १४:३ प्रमाणे त्यातून उन्नती, उत्तेजन, सांत्वन होतंय ना.

काही विषयांना निदान पहिली काही वर्षं हात लावू नका: कोणाशी लग्न करावं, मूल कधी होईल, कोण मरणार, नोकरी सोडावी का, पैसे कुठे द्यावेत. आणि ‘तुमच्यावर अमक्याने करणी केली’ हे तर कधीच नाही. यातून भावकीत उभी फूट पडलेली पुन्हा जुळत नाही. शिवाय महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली अमुक माणूस करणी करतो असं भासवणं हा गुन्हा आहे.

आजाऱ्यासाठी प्रार्थना करताना आधी परवानगी घ्या, हात कुठे ठेवू ते विचारा, सोबत एकजण ठेवा. एक-दोन मिनिटं प्रार्थना पुरे. नंतर ‘कसं वाटतंय?’ विचारा आणि येईल ते उत्तर ऐकून घ्या. ‘बरं वाटतंय म्हणा, विश्वासाने म्हणा’ असं वदवून घेऊ नका. इन्सुलिन, बीपीच्या गोळ्या, टीबीचा कोर्स, मनाच्या आजाराची औषधं, यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायला सांगू नका. बरं वाटलं नाही तर दोष ना तुमच्या माथी मारा, ना आजाऱ्याच्या विश्वासाच्या. पौलाने आपला सोबती त्रफिम याला मिलेतात आजारीच ठेवलं (२ तीमथ्य ४:२०), आणि आपला तरुण सहकारी तीमथ्य याच्या वारंवार होणाऱ्या दुखण्यांवर थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. त्याच पौलाच्या हातून इतर कितीतरी लोक बरे झाले होते.

सभेनंतरची रात्र सगळ्यांत कठीण, हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. कर्मेल डोंगरावर अग्नी उतरल्यावर एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत बसला. देवाने त्याला आधी झोपू दिलं, दोनदा भाकर-पाणी दिलं, प्रश्न पुढे होरेब डोंगरावर गेल्यावर विचारला. तेव्हा त्या रात्री उजळणी नको. जेवा आणि झोपा. दुसऱ्या दिवशी एका वहीत तारीख, काय बोललात, मंडळीने काय पारख केली आणि पुढे काय झालं, असे चार रकाने भरा. महिन्यातून एकदा पाळकांबरोबर किंवा एखाद्या जाणत्या बहिणीबरोबर ती वही बघा. चुकलेलेही लिहा. जे सर्वांसमोर चुकलं ते सर्वांसमोर एका वाक्यात दुरुस्त करा: ‘मागच्या वेळी मी जे बोलले ते बरोबर नव्हतं.’ वर्षभरात वहीतून हे दिसतं की कोणत्या बाबतीत तुमचं बरोबर येतं आणि कुठे मनचं मिसळतं. त्याने जो धीर येतो तो कोणाच्या शाबासकीने येत नाही.

इतरांशी तुलना हाही या दोषारोपाचा एक आडमार्ग आहे. १९०५ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनात संजीवन, म्हणजे आत्मिक जागृती, झालं आणि पुढे तिथे काहीजणी अन्य भाषांतही बोलू लागल्या. पंडिता रमाबाईंनी स्वतः तसा दावा केला नाही, तरी त्या अनुभवाची बाजू त्यांनी घेतली, आणि स्वतःचं बायबलच्या भाषांतराचं काम १९२२ मध्ये निधन होईपर्यंत सोडलं नाही. दुसरीला मिळालेलं आपल्याला नाही म्हणून आपण कमी ठरत नाही.

एक गोष्ट वेगळी काढून सांगतो. दोषाचे विचार सभेपुरते न राहता दिवसभर येत असतील, तीच कबुली वीस-वीस वेळा द्यावीशी वाटत असेल, नको ते निंदेचे विचार आपोआप येऊन ‘मी क्षमा न होणारं पाप केलं’ ही भीती बसली असेल, झोप-जेवण उडालं असेल, तर तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. तिथे फक्त उपास-प्रार्थना वाढवली तर कबुलीचं चक्र बहुधा आणखी घट्ट होतं.

थांबवू का, याचं उत्तर: लपवलेलं पाप असेल, पाळकांनी थांबायला सांगितलं असेल किंवा डॉक्टरांनी विश्रांती सांगितली असेल, तर थांबा. नुसती भीती वाटते म्हणून नको. तीमथ्यासारख्या भिडस्त माणसाला पौलाने कृपादान प्रज्वलित करायलाच सांगितलं होतं. पुढच्या सभेआधी सभा चालवणाऱ्यांना बाजूला घेऊन सांगा की काही सुचलं तर मी आधी तुमच्या कानावर घालीन, सर्वांसमोर सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. आणि पहिले काही आठवडे एका वेळी एकाच बहिणीसाठी, उत्तेजनापुरतं बोला.