मुलीला पुण्याला शिकायला पाठवायचं आहे, घरच्या पैशांचं तिला आत्ताच सांगावं का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी यंदा बारावीत, शाळा इंदूरचीच, आणि पुढे पुण्याला इंजिनीअरिंग करायचं हे तिच्या मनात पक्कं. फीचं कसंतरी जमेल, पण राहण्या-जेवण्याला किती लागेल? कर्ज काढावं की एफडी मोडावी? आणि हे सगळं आत्ता तिच्या कानावर घातलं तर अभ्यासातलं लक्ष उडेल का? मी शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण बाकीच्या दोन्हींची उत्तरं त्याच्यावर अवलंबून आहेत.

सांगा. आणि अर्ज भरायच्या आधी सांगा.

आपल्या घरांत 'पोरांसमोर पैशाचं बोलू नये' अशी पद्धत आहे. आई-बाबा स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलतात आणि पोरं आतल्या खोलीत सगळं ऐकत असतात, पण अर्धवट. अर्धवट ऐकलं की भीती दुप्पट. मी बँकेत होते, शैक्षणिक कर्जाचं टेबल बरीच वर्षं माझ्याकडे होतं. वडिलांचा पगार किती हे कित्येक मुलांना पहिल्यांदा माझ्या टेबलावर, सॅलरी स्लिप वाचताना कळायचं. तोवर कॉलेज ठरलेलं, पहिला हप्ता भरलेला. त्या वेळी मुलाच्या हातात ठरवण्यासारखं काही उरत नाही, ते फक्त ओशाळं होऊन बसतं. तेच चार महिने आधी सांगितलं असतं तर त्यानं कॉलेजांची यादी वेगळी केली असती.

सांगायचं कसं, तर एखाद्या रविवारी तासभर बसा, कागद-पेन घेऊन, नवऱ्यालाही बसवा. 'आम्ही बघू, तू काळजी करू नकोस' हे वाक्य टाळा. त्यातून तिला काहीच कळत नाही. तिला एक आकडा द्या: वर्षाला घरातून इतके निघतील, इतकं कर्ज तुझ्या नावावर होईल, याच्या पलीकडची कॉलेजं यादीत घ्यायची नाहीत. प्रश्न विचारू द्या, ती विचारेलच. मग विषय बंद, बोर्डाचा शेवटचा पेपर होईपर्यंत पुन्हा काढायचा नाही. एकदा स्पष्ट सांगितल्यानं लक्ष उडत नाही. रोज जेवताना 'तुझ्यासाठी आम्ही किती करतोय' हे ऐकवल्यानं उडतं.

आता पुण्याचं. आपण इंदूरची मराठी माणसं पुण्याला माहेर समजतो. काका तिथे, मावशी तिथे, रात्री बसमध्ये बसलं की सकाळी पुण्यात. पण प्रवेशाच्या फॉर्ममध्ये आपण परप्रांतीय. महाराष्ट्रात प्रवेशाचं काम बघणाऱ्या सरकारी सीईटी सेलच्या यादीत राज्याचा कोटा मुख्यतः महाराष्ट्रातून दहावी-बारावी केलेल्या, तिथलं अधिवास प्रमाणपत्र असलेल्या मुलांचा. कर्नाटकच्या सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी त्यांनी वेगळा प्रकार ठेवलाय, माळव्यातल्यांसाठी नाही. होळकरांचं नाव सांगून जागा मिळत नाही! आपल्या मुलीला तिथे दिसतात त्या अखिल भारतीय जागा, जेईई मेनच्या गुणांवर, किंवा मग कॉलेजच्या स्वतःच्या कोट्यातल्या, जिथे फीचा आकडा वेगळाच असू शकतो. मध्य प्रदेशचं जातीचं प्रमाणपत्र असेल तर त्यावर तिथलं आरक्षण मिळत नाही. आणि पुण्याची मावशी फोनवर म्हणेल, 'अगं, आता मुलींना फी माफ आहे.' आहे, २०२४ पासून, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींना, पण महाराष्ट्राच्या रहिवासी असलेल्यांना. तुमच्या हिशेबात ती माफी धरू नका.

उलट आपल्या राज्याचं जे हक्काचं आहे ते पुष्कळ मराठी घरांत कोणी बघतच नाही. मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजनेत एमपी बोर्डाला ७० टक्के किंवा सीबीएसईला ८५ टक्के असतील, उत्पन्नाच्या अटीत बसत असाल आणि इंजिनीअरिंगला जेईईचा क्रमांक दीड लाखाच्या आत असेल, तर फी शासन भरतं. उत्पन्नाची मर्यादा त्या वर्षीच्या पोर्टलवर बघून घ्या. मात्र त्यात मेस आणि कॉशन मनी (कॉलेजकडे ठेवायची अनामत) नाही, म्हणजे खाण्या-राहण्याचं तिथेही तुमच्याच माथी. तिला इंदूरमधलंच इंजिनीअरिंग कॉलेज, म्हणजे एसजीएसआयटीएस किंवा देवी अहिल्या विद्यापीठाचं आयईटी, मिळालं तर तो खर्चही घरच्या पोळी-भाजीत भागतो. मी 'इंदूरलाच ठेवा' असं म्हणत नाहीये, माझा मोठा पुण्यालाच शिकला. पण दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून तिला दाखवा आणि फरकाची रक्कम तिला स्वतःला काढू द्या.

राहण्या-जेवण्याचा खर्च. फी तरी छापील असते, आधी कळते, तिला कर्ज मिळतं. घर घाईला येतं ते या दुसऱ्या खर्चानं, कारण तो दर महिन्याला थोडा थोडा जातो आणि कोणी बेरीज करत नाही. समजा कॉट बेसिसवर (म्हणजे खोलीतल्या एका खाटेपुरती) जागा आणि मेस मिळून महिना १२,००० धरले. चार वर्षांचे होतात ५,७६,०००. पण भाडं आणि मेस दर जूनला वाढतात. वर्षाला आठ टक्के वाढ धरली तर चौथ्या वर्षी महिन्याचे १५,१०० च्या पुढे जातात आणि एकूण साडेसहा लाखांच्या जवळ. पाऊण लाखाचा हा फरक कुठल्याच कागदावर नसतो. तुमच्या बाबतीत १२,००० च्या जागी जो आकडा असेल तो तिथे शिकणाऱ्या मुलांना विचारा, पालकांना नको. पालक आपण जे पाठवतो ते सांगतात, मुलं जे लागतं ते सांगतात.

त्याशिवाय पहिल्या महिन्याचा वेगळा ढीग असतो: डिपॉझिट, गादी, बादली, पीएमपीचा (पुण्याच्या सिटी बसचा) पास किंवा सेकंडहँड सायकल, ड्रॉइंगचं सामान, रेनकोट. मेसला सुट्टी असते त्या वेळचं बाहेरचं जेवण. दिवाळीचं तिकीट, जे कधीच साध्या भावात मिळत नाही. आजारपण. नंबर बदललेला चष्मा. पहिल्या वर्षी हॉस्टेल मिळतं म्हणून निश्चिंत होऊ नका. पुष्कळ कॉलेजांत दुसऱ्या वर्षापासून जागा पुरत नाही आणि मुलांना बाहेर खोली शोधावी लागते. ही शक्यता पहिल्याच दिवशीच्या कागदावर असू द्या.

पीजीवाल्याला, म्हणजे पेइंग गेस्ट म्हणून खोली देणाऱ्याला, डिपॉझिट देताना एक लक्षात ठेवा. कॉलेज बदललं तर फी परत करण्याचे नियम आहेत, मूळ मार्कशीटही कॉलेजला अडवून ठेवता येत नाही, यूजीसी आणि एआयसीटीई या उच्च आणि तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय संस्था, दोघांचं तसं बंधन आहे. पीजीच्या डिपॉझिटला असं संरक्षण नाही. प्रवेशाच्या फेऱ्या चालू असताना 'मॅडम, जागा जाईल' असं कोणी म्हणालं तरी जाऊ द्या. शेवटची फेरी झाल्यावर दुसरी मिळते.

आणि मावशीचं घर. हा विषय तुम्ही लिहिला नाहीत, पण घरात निघाला असणारच. पहिले पंधरा-वीस दिवस, खोली मिळेपर्यंत, अगदी जरूर. चार वर्षं नको. मावशीचं प्रेम खरं असतं, पण तिचा फ्लॅट दोन खोल्यांचा असतो, तिचीही पोरं दहावी-बारावीत असतात, आणि लॅबमधून रात्री नऊला येणाऱ्या मुलीला कोणीतरी रोज विचारतं, 'इतका उशीर?' पैसे द्यावेत तर ती घेत नाही, न द्यावेत तर आपल्याला खातं. त्यापेक्षा रविवारी जेवायला जाणारी भाची सगळ्यांनाच गोड लागते.

कर्ज की एफडी? माझं मत दोन्ही थोडं थोडं, पण नवऱ्याच्या पीएफला आणि तुमच्या म्हातारपणाच्या ठेवीला हात लावायचा नाही. शिक्षणाला कर्ज मिळतं, म्हातारपणाला कोणी देत नाही.

साधारण नियम असे: साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, चार लाखांपर्यंत स्वतःचा वाटाही मागत नाहीत, त्यापुढे देशातल्या शिक्षणाला पाच टक्के. हॉस्टेल, पुस्तकं, लॅपटॉप हेही कर्जात बसतं. बाहेर खोली घेतली तरी वाजवी खर्च धरता येतो, पण पावत्या लागतात, म्हणून पक्की पावती देणारा पीजी बघा. परतफेड शिक्षण संपल्यावर एक वर्षानं सुरू होते, तोवर सरळव्याज चढतं. बहुतेक लोक ते विसरतात. दरवर्षी दीड लाख उचललं, व्याज १० टक्के धरलं, तर चार वर्षांचे सहा लाख परतफेड सुरू होताना ८,१०,००० झालेले असतात. दहा वर्षांत फेडायचं तर हप्ता १०,७०० च्या आसपास. तेच व्याज दर महिन्याला भरत गेलात (पहिल्या वर्षी १,२५०, चौथ्या वर्षी ५,०००) तर तिचा हप्ता ७,९०० च्या घरात येतो. बऱ्याच बँका असं व्याज भरणाऱ्यांना एक टक्का सूट देतात आणि मुलींना अर्धा टक्का वेगळी. विचारल्याशिवाय टेबलावरचा माणूस सांगेलच असं नाही, हे मी टेबलाच्या त्या बाजूनं सांगतेय. नवऱ्यानं जुनी करप्रणाली ठेवली असेल तर भरलेलं व्याज आयकर काढताना उत्पन्नातून वजा होतं (१९६१ च्या कायद्यातलं कलम ८०ई), आठ वर्षं, रकमेची मर्यादा नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानं पीएम विद्यालक्ष्मी मंजूर केली. निवडक चांगल्या संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश मिळाला तर तारण आणि जामीनदार दोन्ही लागत नाहीत, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असेल, दुसरी सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याजसवलत नसेल, तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर परतफेड सुरू होईपर्यंत तीन टक्के व्याजसवलत. तिच्या यादीतलं प्रत्येक कॉलेज त्या संस्थांच्या यादीत आहे का ते आत्ताच ताडून बघा. दोन कॉलेजांत निवड करताना हा मुद्दा मोठा ठरतो.

एफडी मोडायची नसते, तिचे तुकडे करायचे असतात. पुढच्या वेळी नूतनीकरण करताना एकाच्या चार करा, एकेक दर जूनला हातात येईल अशी. तिच्या नावानं सुकन्या समृद्धी काढली असेल तर दहावी झाल्यावर किंवा अठरा पूर्ण झाल्यावर, यातलं जे आधी होईल तेव्हा, मागच्या वर्षअखेरच्या शिलकेच्या निम्म्यापर्यंत शिक्षणासाठी काढता येते. प्रवेशाचं पत्र किंवा फीची पावती लागते, म्हणून ती रक्कम फीकडे लावा आणि एफडी राहण्या-जेवण्याकडे.

भंवरकुआंच्या, म्हणजे इंदूरच्या क्लासेसच्या भागातल्या, क्लासेसबद्दल एवढंच म्हणेन की बारावीनंतर आणखी एक वर्ष ड्रॉप आणि क्लास असा विचार असेल, तर त्याचे पैसे कुठून येतायत ते बघा. ते तिच्या मेसच्या पैशांतून येत असतील तर तेही रविवारच्या कागदावर मांडा.

मुलीला पैसे पुरवून वापरायची सवय लावायचं काम मात्र आत्ताच सुरू करता येईल, त्याला अभ्यासाचा वेळ लागत नाही. ठरावीक तारखेला तिच्या खात्यात महिन्याची रक्कम टाका, त्यातून तिनं मोबाइल रिचार्ज, वह्या, रिक्षा, छप्पनला (इंदूरच्या खाऊगल्लीत) मैत्रिणींबरोबरचं खाणं भागवायचं. संपले तर संपले, पुढच्या तारखेपर्यंत थांबायचं. यूपीआय सर्कलमध्ये तुमच्या खात्यावरून तिला मर्यादेत खर्च करता येतो, महिन्याला जास्तीत जास्त १५,०००, पण तुम्हाला प्रत्येक पाणीपुरीचा मेसेज येतो आणि तुम्ही विचारल्याशिवाय राहणार नाही. त्यापेक्षा तिचं स्वतःचं खातं बरं. पुण्याला गेल्यावरही पैसे एकाच तारखेला पाठवा, आणि दोन महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम वेगळी ठेवा, जिला हात लावायला तुम्हा दोघींची संमती लागेल.

शेवटी कागदपत्रं. ऐन जुलैत धावपळ नको. मूल निवासी (अधिवासाचा) आणि उत्पन्नाचा दाखला लोकसेवा केंद्रातून दिवाळीनंतर काढून ठेवा, निकाल लागल्यावर तिथे रांग असते. समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा रहिवाशांचा ओळख क्रमांक), आधार आणि दहावीची मार्कशीट यांवर तिचं नाव अक्षरश: एकसारखं आहे का ते बघा. आणि तिला अठरा कधी लागतात? अज्ञान (अठराच्या आतल्या मुलांचं) खातं असेल तर त्या तारखेनंतर नवी सही आणि केवायसी दिल्याशिवाय बँक व्यवहार अडवू शकते, पॅनमध्येही तिचा फोटो आणि सही घालून घ्यावी लागते. वाढदिवस प्रवेशाच्या महिन्यांत येत असेल तर वाढदिवसाच्या आठवड्यातच तिला घेऊन शाखेत जाऊन या.