पहिली ओळ, जी मी सगळ्यात शेवटी वाचली

प्रश्न असा आहे की कादंबरीची कुठली पहिली ओळ तुमच्या कायमची लक्षात राहिलीय आणि का. माझं उत्तर जरा उलटं आहे, कारण माझ्या सगळ्यात लाडक्या कादंबरीची पहिली ओळ मी ती कादंबरी संपवल्यावर तीनेक वर्षांनी वाचली.

गोव्यात फोंड्याकडे आमच्या गावात एक छोटं वाचनालय होतं, देवळाच्या बाजूच्या खोलीत, दोन कपाटं, एक बाकडं आणि गळकं छप्पर. दहावीच्या सुट्टीत तिथून मी 'कोसला' आणली. भालचंद्र नेमाड्यांची कादंबरी, 1963 ची. पुस्तकाला वाळवी लागलेली, आणि पहिलं पानच गायब. वाचनालय बघणाऱ्या भाईंना दाखवलं तर म्हणाले, "पयलें पान ना तर कितें जालें, फुडें वाच मरे." (घरात कोंकणी आणि कपाटात मराठी, हे आमच्याकडे बऱ्याच घरांत असंच.) मग काय, वाचली पुढे. सोप्यावर पडून, बाहेर धो धो पाऊस, अर्धं कळलं, अर्धं नाही, पण त्यात गोष्ट सांगणाऱ्या त्या पोराची बोलायची तऱ्हा अशी काही अंगात शिरली की आई जेवायला हाक मारायची आणि मी म्हणायचो, येतो वगैरे. प्रत्येक वाक्यात त्याचं ते उदाहरणार्थ. शेवटी एकदा आईनं ताट आपटलं आणि म्हणाली हे उदाहरणार्थ तुझं जेवण. तेव्हा कुठे ते थांबलं.

पुढे पणजीला कॉलेजात गेलो. तेव्हा सेंट्रल लायब्ररी शहरातल्याच पाटो भागात गेली नव्हती, जुन्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या इमारतीत होती, जिथे आत शिरताना भिंतीवर त्या निळ्या पोर्तुगीज टाइल्स आहेत. तिथे कपाटात अख्खी, धडधाकट 'कोसला' दिसली. उभ्या उभ्याच उघडली.

"मी, पांडुरंग सांगवीकर. आज उदाहरणार्थ पंचवीस वर्षांचा आहे."

मी मोठ्यानं हसलो, बाजूच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी चष्म्यावरून बघितलं. अरे, माणूस स्वतःचं वय उदाहरण म्हणून सांगतो! पंचवीस हे काय उदाहरण द्यायची गोष्ट आहे? पण मला तो माणूस आधीच माहीत होता ना, त्याची सगळी पडझड माहीत होती, म्हणून त्या एका शब्दात मला अख्खं पुस्तक ऐकू आलं. हीच ओळ दहावीत पहिल्यांदा वाचली असती तर, लेखकाची काहीतरी स्टाइल दिसतेय, म्हणून पुढे सरकलो असतो. तेव्हापासून माझा पक्का समज झालाय की पहिली ओळ पहिल्या वाचनात कळतच नाही, पुस्तक संपवून परत मागे आलं की ती कळते, आणि बहुतेक वेळा तिच्यात एकच शब्द जागचा हललेला असतो, सगळी गंमत त्या शब्दात असते.

आता फ्रेंच लेखक कामूच्या 'द स्ट्रेंजर' कादंबरीची ती प्रसिद्ध 1942 ची ओळ घ्या. "आज आई गेली. किंवा कदाचित काल, मला माहीत नाही." सगळे त्या 'कदाचित काल'वर बोलतात, ते आहेच, पण मी अडकतो क्रियापदावर. गेली म्हणू, वारली म्हणू, की मेली म्हणू? मराठीत स्वतःच्या आईबद्दल 'मेली' कोण म्हणतं? 'वारली' म्हटलं की लगेच चार लोक अंगणात खुर्च्या मांडायला लागतात, ते कादंबरीत बोलणाऱ्या त्या माणसाच्या तोंडी शोभत नाही. 'गेली' म्हटलं तर फार हळवं होतं, आणि तो तर हळवा नाही, निदान दाखवत तरी नाही. गंमत म्हणजे इंग्रजीवाल्यांचा घोळ क्रियापदाचा नाही, 'आई' या शब्दाचा. 1946 च्या भाषांतरात 'मदर' होतं, 1988 च्या भाषांतरात मूळ फ्रेंच 'मामाँ' तसंच ठेवलं, कारण मदर म्हटलं की आई चार हात लांब जाते. आपल्याला आई सरळ मिळते, पण तिला मारायचं कसं ते सुचत नाही. मी वर 'गेली' लिहिलंय, पण उद्या विचारलंत तर बदलेन.

टॉलस्टॉयच्या 'अ‍ॅना कॅरेनिना'ची तर सगळ्यांना पाठ असते, सुखी कुटुंबं सगळी सारखी, दुःखी मात्र प्रत्येक आपापल्या तऱ्हेनं दुःखी. ओळ भारी आहे, फक्त मला पटत नाही. टॉलस्टॉय गोव्यात राहिला असता तर त्यानं उलट लिहिलं असतं, कारण आमच्या वाड्यावरची सगळी दुःखी कुटुंबं एकाच तऱ्हेनं दुःखी आहेत, आजोबांच्या घराची इन्व्हेंटरी केस, म्हणजे वाटणीची, कोर्टात, वाटेकरी सत्तावीस, त्यातले नऊ पोर्तुगालात.

ऑर्वेलच्या '1984'च्या पहिल्या ओळीत घड्याळं तेरा ठोके देतात (माझा भाऊ म्हणाला त्यात काय, रेल्वेच्या टाइमटेबलात तेरा असतातच, त्याला म्हटलं बाबा टाइमटेबल ठोके देत नाही). आणि मार्केझच्या 'वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड'ची, 1967 ची, ज्यात कर्नल गोळीबाराच्या तुकडीसमोर उभा आहे आणि त्याला वडिलांनी बर्फ दाखवायला नेलं होतं ती लांबची दुपार आठवणार आहे. आमच्याकडे बर्फ म्हणजे मालीम जेटीवर मासळीच्या ट्रेमध्ये फावड्यानं टाकतात तो, त्यामुळे बर्फ बघायला जायचं हे वाचून मी आधी थोडा हसलोच होतो. पुस्तक संपवून परत आलो तेव्हा नाही हसलो.

मराठीतली अजून एक सांगायची तर वि. स. खांडेकरांच्या 'ययाति' कादंबरीतला ययाति राजा. तो सुरुवातीलाच स्वतःला विचारतो की मी ही कहाणी का सांगतोय, राजा आहे म्हणून? आणि लगेच स्वतःलाच दुरुस्त करतो, आहे कुठला, होतो. 'आहे'चं 'होतो' झालं इथेच अर्धी कादंबरी सांगून झाली. खांडेकर 1920 ते 1938 शिरोड्याला मास्तर होते, म्हणजे आमच्या फोंडा तालुक्यातलं शिरोडा नव्हे हां, तेरेखोल नदीच्या पलीकडचं वेंगुर्ल्याकडलं. आमच्या शिरोड्याचे लोक हे ऐकून उगाच खूश होतात, म्हणून आधीच सांगितलं.

बाकी त्या फाटक्या प्रतीचं पुढे काय झालं ते राहिलंच. कॉलेजातून चवथीला घरी आलो तेव्हा पणजीहून ते पहिलं पान हातानं उतरवून आणलं होतं, वहीच्या कागदावर, निळ्या पेनानं. भाईंच्या परवानगीनं डिंक लावून पुस्तकात चिकटवलं. दोन वर्षांनी परत बघितलं तर पान होतं जागेवर, फक्त मी घाईत 'वर्षाचा' लिहिलं होतं, त्या 'र्षा'वर कोणीतरी लाल पेनानं अनुस्वार दिला होता आणि बाजूला समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं, "शुद्धलेखन सुधारा."