एल्कच्या शिकारीसाठी साधे धनुष्य: आधी बाण ठरवा, मग धनुष्य

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण डेन्व्हरजवळ राहता, उंची पाच फूट सहा इंच आहे, पुली असलेले कंपाउंड धनुष्य काही वर्षे चालवले आहे आणि येत्या सप्टेंबरात एल्कच्या (सांबरासारखे मोठे अमेरिकन हरीण) शिकारीला साधे, पारंपरिक धनुष्य घेऊन जाण्याची इच्छा आहे. लाँगबो (सरळ भुजांचे लांब धनुष्य) घ्यावा की रिकर्व्ह (टोके पुढे वळलेले धनुष्य), ५० पौंडांचे, म्हणजे पूर्ण ओढायला तेवढे बळ लागणारे, घ्यावे की ६० पौंडांचे, बाण कोणते, आणि उरलेल्या दोन महिन्यांत तयारी होईल का, हे आपल्याला विचारायचे आहे. नोकरीनिमित्त मी बरीच वर्षे कोलोरॅडोत होतो आणि रिकर्व्हने शिकार तिथेच शिकलो. आता इंदूरला परतल्यावर सिमरोलच्या बाजूला एका मित्राच्या शेतात केवळ फोमच्या निशाणावर सराव करतो. भारतातून हे उत्तर वाचणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार आपल्याकडे वन्य प्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे, मग हत्यार बंदूक असो की धनुष्य. पुढचे सगळे विवेचन जिथे परवाना काढून शिकार करता येते अशा ठिकाणापुरतेच आहे.

जवळजवळ प्रत्येक नवा माणूस धनुष्यापासून सुरुवात करतो, आणि बाण म्हणजे दुकानातून सोबत घ्यायची वस्तू असे धरून चालतो. हा क्रम उलटा केला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. ३०-०६ सारख्या रायफलच्या गोळीत २८०० फूट-पौंडांच्या आसपास ऊर्जा असते, तर ५० पौंडी साध्या धनुष्याच्या बाणात ती चाळिशीच्या आतच राहते. बाणाच्या धक्क्याने एल्क कोसळत नाही. बाण आरपार जाऊन दोन्ही फुप्फुसे कापतो, रक्तस्राव होतो, आणि त्यानेच जनावर काही सेकंदांत शुद्ध हरपते. म्हणून निवडीचा प्रत्येक निर्णय एकाच कसोटीवर घासून पाहावा: तीनशे किलोंच्या नराच्या बरगड्यांतून हे टोक सरळ, धारदार अवस्थेत पलीकडे निघेल का?

सुरुवात टोकापासून करू. साध्या धनुष्याला उघडमिट होणारी यांत्रिक ब्रॉडहेड, म्हणजे रुंद पात्यांची शिकारी टोके, अजिबात लावू नयेत, कारण ती उघडण्यातच बाणाची तुटपुंजी ऊर्जा खर्च होते. दोन पात्यांचे, एकसंध पोलादाचे, टोकापासूनच कापत जाणारे आणि रुंदीच्या मानाने लांबट, शक्यतो तिप्पट लांबीचे फाळ घ्यावे. कोलोरॅडोच्या नियमांनुसार ते किमान ७/८ इंच रुंद आणि निदान दोन पोलादी धारांचे असावे लागते. एक ते सव्वा इंच रुंदी एल्कला पुरेशी आहे. एका बाजूनेच धार काढलेली, म्हणजे सिंगल बेव्हल पाती आत शिरताना गोल फिरतात आणि हाड फोडायला मदत करतात. ती घेतलीत तर उजव्या धारेच्या पात्यासोबत उजव्या पंखाचीच पिसे लावावीत, नाहीतर पिसे एका दिशेने फिरवतात आणि पाते दुसऱ्या दिशेने.

धारेबाबत मी थोडा हट्टी आहे, कारण नवे फाळ डबीतून निघते तेव्हा ते बहुधा शिकारीयोग्य धारदार नसते. आधी बारीक कानशीने कोन एकसारखा करावा, मग दगडावर दोन्ही बाजू सारख्या घासाव्यात, आणि शेवटी न्हावी वस्तऱ्याला वापरतात तसल्या चामडी पट्ट्यावर धार उलट दिशेने ओढून तिच्यावरची अदृश्य लव काढून टाकावी. परीक्षा सोपी आहे. एक रबर बँड दोन बोटांत जेमतेम ताणून धरावा आणि पाते त्यावर दाब न देता टेकवावे. रबर क्षणात तुटला तर धार झाली; थोडे ढकलावे लागले तर पुन्हा दगड हाती घ्यावा. बोथट धारेसमोर रक्तवाहिनी बाजूला सरकते, तीक्ष्ण धार मात्र तिला कापूनच पुढे जाते. भात्यात पाते सतत घासत असते, म्हणून शिकारीच्या दिवसांत ही परीक्षा रोज संध्याकाळी करावी.

आता वजन. साध्या धनुष्यासाठी प्रचलित हिशेब ओढीच्या दर पौंडामागे किमान आठ ते दहा ग्रेन (बाणाचे वजन मोजण्याचे बारीक एकक) असा आहे. एल्कसाठी मी दहाच्या खाली जाणार नाही, अकरा झाले तर उत्तमच. उदाहरणादाखल, कार्बनचा शाफ्ट, म्हणजे बाणाची काडी, २५० ग्रेन, फाळ बसवायचा पितळी इन्सर्ट ७५, फाळ २०० आणि पिसे व नॉक, म्हणजे दोरीत अडकणारी मागची खाच, मिळून तीसेक ग्रेन धरले तर बाण साधारण ५५५ ग्रेनचा, म्हणजे ३६ ग्रॅमचा होतो, आणि निम्मे वजन पुढच्या टोकाशी आल्यामुळे त्याचा तोल मध्यापासून लांबीच्या वीस टक्क्यांहून अधिक पुढे सरकतो. असा बाण लवकर सरळ होतो, आत शिरताना मागून कमी डगमगतो, आणि धनुष्याची अधिक ऊर्जा स्वतःत घेत असल्यामुळे सुटतानाचा आवाजही कमी होतो. बाणांच्या भेदकतेवर प्रत्यक्ष जनावरांच्या शरीरांत दीर्घ काळ अभ्यास केलेल्या डॉ. एड ॲशबी यांनी जड हाड फोडण्यासाठी ६५० ग्रेनची मर्यादा मांडली. ज्यांचे खांदे भक्कम आहेत त्यांनी तिथवर जरूर जावे. परंतु आपल्या ओढीवर इतका जड बाण फारच वाकड्या कमानीने जाईल, आणि खांद्याच्या हाडावर नेम धरायचाच नाही, असे ठरवल्यावर ५५० ते ६०० ग्रेन पुरतात.

वजनाहूनही मोठी बाब म्हणजे बाणाचे सरळ उडणे, आणि तिथेच बहुतेकांची निवड फसते. साध्या धनुष्यात बाण मुठीला वळसा घालून जातो. दोरी सुटताच तो आधी वाकतो, मग डुलत डुलत सरळ होतो. त्याचा ताठपणा, म्हणजे स्पाइन, धनुष्याला जुळला नाही तर तो तिरका जाऊन आदळतो, आणि तिरक्या आदळलेल्या बाणाची निम्मी ताकद शाफ्ट वाकण्यातच जाते. लांब शाफ्ट आणि जड टोक बाणाला मऊ करतात, आखूड शाफ्ट आणि हलके टोक ताठ करतात. आपल्या मापाला ५०० किंवा ४०० स्पाइनचा (आकडा लहान तितका बाण ताठ) कार्बन बसेल, पण बाण बनवणाऱ्यांच्या तक्त्यावर विसंबून डझनभर बाण मागवू नयेत. दोन्हींचे एक-दोन शाफ्ट आणि निरनिराळ्या वजनांची टोके आणून स्वतः पाहावे. एका शाफ्टला पिसे न लावता तो पिसे असलेल्या बाणांसोबत आधी दहा आणि मग वीस यार्डांवरून सोडावा. आपण उजव्या हाताने ओढत असाल आणि बिनपिसांचा बाण डावीकडे पडत असेल तर तो ताठ आहे, म्हणून टोकाचे वजन वाढवावे. उजवीकडे पडत असेल तर मऊ आहे, म्हणून शाफ्ट पाव-पाव इंच कापत जावे. दोन्ही एकाच जागी पडू लागले की मगच त्या मापाचे बाकीचे बाण बनवावेत. ब्रॉडहेड लावल्यावर हीच चाचणी पुन्हा करायची असते, कारण रुंद पाते बाणाचा किंचितसा दोषही उघडा पाडते.

आमच्या अलीराजपूर-झाबुआ भागात होळीआधीच्या भगोरियाच्या बाजारात भिलांचे तिरकमठे जवळून पाहायला मिळतात. कमठा बांबूचा आणि त्याची दोरीसुद्धा बांबूच्याच पट्टीची असते, इतकी साधी रचना. परंतु जाणता म्हातारा बाण हाती घेतो तेव्हा तो डोळ्यासमोर आडवा धरून सावकाश फिरवतो, कुठे वाक दिसला तर काडी धगीवर शेकून अंगठ्याने दाबत सरळ करतो, आणि पुन्हा फिरवून पाहतो. कमठ्याकडे तो इतका वेळ पाहत नाही. लाकडी बाण वापरण्याची हौस असेल तर हीच शिस्त आपल्यालाही पाळावी लागेल. सीडर हलके असते, हिकरी किंवा ॲश जड आणि चिवट, आणि प्रत्येक काडीचे स्पाइन वेगळे मोजावे लागते. पहिल्या वर्षी कार्बनच बरा.

पिसे खरीच घ्यावीत, टर्कीच्या पंखांची, चार ते पाच इंच लांब आणि पीळ देऊन चिकटवलेली. धनुष्याच्या मुठीवरून थेट बाण सोडताना प्लॅस्टिकचे पंख मुठीला अडखळून बाण उडवतात, पिसे मात्र दबून पुढे जातात. डोंगरात दुपारच्या पावसाने पिसे चिंब होतात, म्हणून सोबत जलरोधक भुकटी ठेवावी.

एवढे ठरले की ओढीचे वजन ठरवणे सोपे जाते. धनुष्यावर लिहिलेला आकडा २८ इंचांच्या ओढीचा असतो. आपल्या उंचीला ओढ साधारण साडेसव्वीस इंच भरेल, आणि दर इंचामागे अडीच-तीन पौंड कमी होतात. म्हणजे ५५ लिहिलेले धनुष्य आपल्या हातात ५१ पौंडांचे. कोलोरॅडोत कायद्याची किमान मर्यादा ३५ पौंड आहे, शेजारच्या वायोमिंगमध्ये एल्कसाठी ती ५० आहे, आणि नियम बदलत असल्यामुळे त्या वर्षीची पुस्तिका स्वतः वाचावी. माझ्या मते एल्कसाठी प्रत्यक्ष हातात आलेले ४८ ते ५२ पौंड हे योग्य वजन आहे. साठ पौंडांचा मोह टाळावा. कंपाउंडची पुली शेवटी भार सोडून देते, साध्या धनुष्यात तो शेवटच्या इंचापर्यंत वाढतच जातो. ज्याला धनुष्य झेपत नाही त्याचा डावा खांदा वर चढतो, उजव्या हाताची बोटे हनुवटीशी पोहोचण्याआधीच सुटतात, आणि दर बाणाला ओढ अर्धा-एक इंच कमी-जास्त होते. पूर्ण ओढून तीन-चार सेकंद शांतपणे धरता येत नसेल, किंवा गारठ्यात जाड कोट घालून गुडघ्यावर बसून ओढता येत नसेल, तर ते धनुष्य आपले नव्हे.

लाँगबो की रिकर्व्ह हा वाद मला फार महत्त्वाचा वाटत नाही. त्याच वजनाचा रिकर्व्ह थोडा वेगवान असतो, लाँगबो थोडा अधिक शांत आणि क्षमाशील. एकाच लाकडात कोरलेले सेल्फबो फार सुंदर असते आणि त्याने एल्क मारणारेही आहेत, पण ते दुसऱ्या-तिसऱ्या वर्षासाठी ठेवावे. आपण साठ-बासष्ट इंचांचा, तीन भागांत सुटणारा रिकर्व्ह घ्यावा, शक्यतो आयएलएफ जोडणीचा, म्हणजे मूठ तीच ठेवून भुजा, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या दोन बाजू, बदलता येतात. आधी ३५ पौंडांच्या भुजांवर ओढीची शिस्त बसवावी, मग ४५, आणि मग ५५. ब्रेस हाइट, म्हणजे दोरी आणि मुठीतले अंतर, साडेसात ते साडेआठ इंचांत हलवून जिथे धनुष्य सर्वांत शांत होते तिथे ठेवावे. दोरीला लोकरीचे गोंडे बांधावेत.

अंतराबाबत मी कठोर आहे. १६५ फूट प्रति सेकंद वेगाने निघालेल्या बाणाला वीस यार्ड जायला सेकंदाचा तिसरा भाग लागतो. जनावर २५ यार्डांवर असून आपण ते वीसवर समजलात तर बाण सुमारे आठ इंच खाली जाईल, म्हणजे फुप्फुसाऐवजी पाय किंवा हवा. आपली मर्यादा एका चाचणीने ठरते: सकाळी उठून, हात गरम न करता सोडलेला पहिला एकच बाण आठ इंची ताटलीत ज्या अंतरावरून रोज बसतो, ते आपले अंतर. बहुतेकांचे ते पंधरा ते वीस यार्ड भरते. नेम फक्त जनावर आडवे उभे असताना किंवा किंचित पाठमोरे वळलेले असतानाच धरावा, खांद्यामागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात. समोरून किंवा खांद्यावर या वजनाच्या धनुष्याने बाण सोडू नये. बाण लागल्यावर फुप्फुसाची खात्री असली तरी अर्धा तास जागचे हलू नये; यकृताचा गडद रक्तस्राव दिसला तर चार तास, आतड्यांचा वास आला तर आठ ते बारा तास थांबूनच माग काढावा, कारण घाईने उठवलेले जखमी जनावर मैलभर चालत जाते आणि मग सापडत नाही.

आता दोन महिन्यांचा प्रश्न. माझे स्पष्ट उत्तर नाही असे आहे. कंपाउंडची सवय असलेल्या खांद्याला ३५ पौंडांपासून ५० पर्यंत दुखापत न होता पोहोचायला आठ-दहा महिने द्यावे लागतात, आणि स्पाइनची जुळवाजुळव, धार, अंतराचा अंदाज या सगळ्याला त्याच काळात वेळ काढायचा असतो. यंदा सप्टेंबरात जायचेच असेल तर हातात बसलेले कंपाउंड घेऊन जावे, किंवा परवाना न काढता एखाद्या जाणत्या शिकाऱ्यासोबत नुसते जंगल पाहायला जावे. एल्क वीस यार्डांत आणणे हे वेगळेच शिक्षण आहे आणि ते धनुष्याशिवायही मिळते. रिकर्व्हचा परवाना पुढच्या वर्षीचा काढावा. तोपर्यंत ३५ पौंडांच्या भुजा आणि पाच-सहा चाचणीचे शाफ्ट, एवढीच खरेदी करावी. आपल्या ओढीची नेमकी लांबी आणि बिनपिसांचा बाण कुठे पडतो हे इथेच कळवलेत, तर शाफ्ट आणि टोकाचे वजन मी नेमके सांगू शकेन.