वस्तीत नाट्यवर्ग सुरू करणाऱ्यास

वडोदऱ्यातील वस्तीत किशोरवयीन मुलांसाठी नाट्यवर्ग सुरू करण्याचा तुमचा विचार योग्य आहे. मात्र आरंभीच गणेशोत्सवातील प्रयोगाची तारीख ठरवू नये, कारण तारीख ठरली की शिकवणाऱ्याचे लक्ष मुलांवरून प्रयोगाकडे वळते आणि सफाईने बोलणारी दोन-तीन मुलेच साऱ्या भूमिका अडवून बसतात. तयार संहिता देण्याऐवजी पाण्याचा टँकर न येणे किंवा बहिणीला शाळा सोडावी लागणे, असे त्यांच्याच गल्लीतले प्रसंग त्यांना उभे करू द्यावेत. संवादांत मराठी, गुजराती आणि हिंदी मिसळली तरी अडवू नये. पुढे तेच संवाद त्यांच्याकडून लिहवून घ्यावेत व एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवायला सांगावेत. वाचनात मागे पडलेला मुलगा स्वतःचे वाक्य वाचायला सहसा कंटाळत नाही, आणि माझ्या मते वर्गाचा खरा लाभ रंगमंचावर नव्हे, या वाचनातच आहे.

वर्गाच्या हिशेबाची वही मुलांकडेच सोपवावी. मुलींच्या घरी स्वतः जाऊन वर्ग सुटण्याची वेळ सांगावी आणि ती कधीही मोडू नये.

सयाजीराव गायकवाडांच्या काळात १८८६ मध्ये येथे संगीतशाळा निघाली व १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले, हे देणगीदारांना अवश्य सांगावे (या शहरात त्याशिवाय अर्ज पुरा होत नाही), परंतु मागणी सभागृहाची न करता शाळेतील रिकाम्या खोलीची करावी.