पेशीचा 'सांगाडा' की 'अस्थिपंजर'?

प्रश्न असा: तंतुकणिका (पेशीला ऊर्जा पुरवणारे घटक, माइटोकॉन्ड्रिया) विभागताना भोवतीच्या ॲक्टिनचे (पेशीत तंतू बनवणाऱ्या प्रथिनाचे) चित्रण केले, तर त्या ॲक्टिनला पेशीचा सांगाडा म्हणावे की अस्थिपंजर?

सांगाडाच. 'पेशीचा अस्थिपंजर' व्याख्यानांत वारंवार ऐकू येतो आणि दर वेळी खटकतो. इथे अस्थी कुठे आहे? इमारतीचा सांगाडा, गाडीचा सांगाडा हे अर्थ सर्वांना ठाऊक आहेत, त्यांत शिरत नाही. खरी गंमत व्युत्पत्तीत आहे. माझ्या मते सांगाडा हे 'सांगड'चे भावंड. सांगड म्हणजे एकत्र बांधलेली जोडी; नदी उतरायला भोपळे बांधून करतात तीही सांगडच. बांधली, काम झाले, सोडली. सांगाड्याचा मूळ अर्थ हाडांचा सापळा मानणारे कोशप्रेमी मला पटत नाहीत. त्यांनी शब्दातली जोडणी टाकून मढे तेवढे ठेवले. ग्रीक 'स्केलेटॉस'चा अर्थ मात्र खरोखरच 'वाळलेले'.

ॲक्टिनचे वागणे सांगडीचे. सुटे रेणू जुळून सुमारे ७ नॅनोमीटर जाडीचा तंतू होतो आणि काम होताच विस्कटतो. तंतुकणिकेला अंतर्द्रव्यजालिका, म्हणजे पेशीतले पटलांचे जाळे, विळखा घालते, तिच्यावरचे आयएनएफ-२ हे प्रथिन तिथे ॲक्टिन उभारते, मग डीआरपी-१ या प्रथिनाचे कडे आवळते आणि तंतुकणिका विभागते. कोरोबोव्हा आणि सहकाऱ्यांनी आयएनएफ-२ ची ही भूमिका २०१३ मध्ये दाखवली.

अस्थिपंजर डोक्यात असला की माणूस स्थिर चित्रावर भागवतो. पेशी आहे तशी गोठवण्यासाठी ३७ अंशांच्या ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये १५ मिनिटे ठेवायची, ०.१ टक्के ट्रायटन या अपमार्जकाने पटल सच्छिद्र करायचे, मग ॲक्टिनच्या तंतूंना चिकटणारे, चमकता रंग जोडलेले फॅलॉइडिन. मिथेनॉल वापरू नये; त्याने ॲक्टिनची घडी मोडते आणि फॅलॉइडिन चिकटत नाही. चित्र सुरेख येते, पण 'वाळलेले'. शिवाय ॲक्टिनच्याच जुड्यांचे जाडजूड ताणतंतू इतके झळकतात, की तंतुकणिकेजवळचे पुसट ॲक्टिन त्यांच्या उजेडात बुडते.

जिवंत पेशीत फॅलॉइडिन सहजी शिरत नाही, आणि शिरले तर तंतू गोठवते. लाइफॲक्ट हा ॲक्टिनला चिकटणारा, चमकते प्रथिन जोडलेला तुकडा अवघ्या १७ अमिनो आम्लांचा, म्हणून लोकप्रिय. पण कोफिलिन (ॲक्टिन तंतू तोडणारे प्रथिन) चढलेले तंतू त्याला नीट धरता येत नाहीत आणि प्रमाण वाढले की ते स्वतःच ॲक्टिनची उलाढाल बिघडवते. त्यामुळे मंद चमकणाऱ्याच पेशी निवडाव्यात. काच ०.१७ मिलिमीटरची, भिंग १.४ अंकीय छिद्राचे (म्हणजे भरपूर प्रकाश गोळा करणारे), दर दोन ते पाच सेकंदांना एक चित्र. लेसर वाढवला तर प्रकाशाच्या माऱ्यानेच तंतुकणिका फुगून गोल होतात, आणि ते तुकडे विभाजन म्हणून मोजले जातात. खरे विभाजन लांब तंतुकणिकेवर एकाच जागी होते, पेशीभर एकदम नव्हे.

ताणतंतूंच्या उजेडावरचा उत्तम उपाय म्हणजे ॲक्टिनला चिकटणारे, चमक जोडलेले नॅनोबॉडी प्रथिन (प्रतिपिंडाचा छोटा तुकडा) अंतर्द्रव्यजालिकेच्या किंवा तंतुकणिकेच्या बाह्यपटलाला खिळवणे. मग चमक पटलालगतच्या ॲक्टिनपाशीच साठते आणि ताणतंतूंचा झगमगाट आड येत नाही. सोबत तुलनेसाठी तोच चमकता खिळा नॅनोबॉडीशिवाय लावलेली पेशी हवीच. विभाजनाच्या जागी पटलच गोळा झाले असेल, तरी चमक वाढलेली दिसते, आणि ती ॲक्टिनची नसते.