वडिलांचं पोटाचं डायलिसिस चालू आहे. हल्ली पाणी कमी निघतंय. पडदा खराब झालाय हे कसं कळतं?

तुम्ही लिहिलंय की सीएपीडी (घरी हाताने पिशव्या बदलून करायचं पोटाचं डायलिसिस) दोन वर्षं सुरळीत चाललं, आता पाणी कमी येतंय आणि डॉक्टरांनी 'पेट टेस्ट' (पडदा कसं काम करतोय ते मोजायची तपासणी) सांगितल्यापासून घरचे धास्तावलेत. मी कोल्हापुरात घरोघरी जाऊन पीडीचे, म्हणजे पोटाच्या डायलिसिसचे, पेशंट बघणारी नर्स आहे. उपचार डॉक्टरच ठरवतील, तपासणीत काय बघतात ते मी सांगते.

पाणी कमी आलं की लगेच पडद्यावर, म्हणजे रक्त गाळणाऱ्या पोटाच्या आतल्या अस्तरावर, खापर फोडू नका. पोट साफ होत नसेल तर भरलेलं आतडं कॅथेटरवर, म्हणजे पोटातल्या नळीवर, दाब देतं आणि ड्रेन, म्हणजे पाणी बाहेर येणं, अडखळतं. कागलच्या एका आजोबांचं तर नुसत्या रेचकाने काम झालं होतं. ड्रेनला फार वेळ लागतोय, कूस बदलली की धार वाढतेय, तर दोष बहुधा नळीचा. धार जोरात आहे, पण पिशवीच हलकी भरतेय, तर पडद्याचा विचार करायचा. आणि पाणी गढूळ आलं किंवा पोट दुखायला लागलं तर पेटबिट राहू दे, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. तो जंतुसंसर्ग असू शकतो.

वहीत नुसतं 'निघालं २१०० मिली' असं लिहून भागत नाही. पिशवी पिवळी, हिरवी की लाल, म्हणजे १.५, २.५ की ४.२५ टक्के साखरेची, किती तास पोटात होती, सकाळचं वजन, बीपी आणि लघवी किती, हे सगळं हवं. लघवीचं लोक हमखास विसरतात. ती आटली की अंगावर सूज येते आणि नाव पडद्याचं होतं. शिवाय नळी धुताना नव्या पिशवीतलं थोडं पाणी थेट ड्रेनच्या पिशवीत जातं. ते वजा केलं नाही तर आकडा उगाच चांगला दिसतो.

पेटला घाबरण्यासारखं काही नाही. रात्रीची पिशवी सकाळी पूर्ण काढतात, २.५ टक्क्यांचं २ लिटर पाणी सावकाश सोडतात, पेशंटला या कुशीवरून त्या कुशीवर वळवत राहतात. सुरुवातीला, २ तासांनी आणि ४ तासांनी पाण्याचे नमुने, मध्ये एकदा रक्त. ४ तासांनंतरच्या पाण्यातल्या क्रिएटिनिनला (मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा) रक्तातल्या क्रिएटिनिनने भागायचं. ०.८१ च्या वर आलं तर पडदा वेगवान, म्हणजे त्यातून पदार्थ भराभर आरपार जातात; ०.५ च्या खाली मंद. ट्वार्डोव्स्की या डॉक्टरांनी १९८७ मध्ये मांडलेली ही पद्धत अजून चालते. पाण्यातल्या साखरेमुळे काही पद्धतींनी क्रिएटिनिन जास्त दिसतं, म्हणून नमुने पीडीची सवय असलेल्या लॅबमध्येच द्या. संसर्ग होऊन महिना झाला नसेल तर टेस्ट पुढे ढकलतात.

पडदा बिघडला म्हणजे त्याची भोकं बुजली, असं बहुतेकांना वाटतं. पण पुष्कळदा होतं उलटंच. वर्षानुवर्षं साखरेचा मारा बसून पडद्यात नव्या रक्तवाहिन्या वाढतात, पिशवीतली साखर भराभर रक्तात शोषली जाते, मग पाणी ओढायला उरतं काय? म्हणून रिपोर्टात क्रिएटिनिन बरं आणि पाय मात्र सुजलेले. त्यावर उपाय आहेत: पाणी पोटात कमी वेळ ठेवणं, रात्री मशीनवर पीडी, पाणी जास्त तास पोटात राहणार असेल तेव्हा आयकोडेक्स्ट्रिनची (नेहमीच्या साखरेऐवजी सावकाश शोषला जाणारा पदार्थ असलेली) पिशवी. ती सुरू झाली तर आपला ग्लुकोमीटर चालेल का, हे आधी विचारा. काही मीटर तिच्यामुळे साखर खोटी जास्त दाखवतात, आणि त्यावर इन्सुलिन टोचलं तर जिवावर बेतू शकतं.

आपल्याकडे पडद्याचं नुकसान स्वयंपाकघरातून सुरू होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. खर्डा, लोणचं, पापड आणि रविवारचा तांबडा-पांढरा रस्सा. मिठाने तहान लागते, वजन चढतं, ते उतरवायला घरचे लाल पिशवी लावतात, आणि पडद्यावर सगळ्यात जास्त साखर तिचीच पडते. तिखट खा म्हणावं, मीठ सोडा.

पेटला जाताना वही घ्या आणि पीडी सुरू झाल्यावर केलेल्या पहिल्या पेटचा कागद शोधून न्या. नवा आकडा त्याच्याशीच ताडून बघतात. गेल्या महिन्यात लाल पिशव्या किती लागल्या, तेही मोजून ठेवा. डॉक्टर विचारतील.