ह्यांच्या डोळ्याला पाणीच नाही

2019चा महापूर ओसरल्यापासून पलूस, वाळवा, मिरज भागातल्या कितीतरी बायकांनी मला हेच सांगितलंय. पुरुषांची तक्रार उलटी: ‘घरात पाऊल टाकलं की रडारड.’ 2021ला पाणी आलं, पुन्हा तेच.

असंच एक कृष्णाकाठचं जोडपं (ओळख पटेल असं सगळं बदललंय). 2019ला सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं त्या आठवड्यात निवाऱ्याच्या शाळेत त्याची आई वारली.

“मी रडत बसलो तर तलाठ्याकडं कोण जाणार?”

“आणि मी तिकडं गेले तर भेटायला येणाऱ्यांजवळ कोण बसणार?”

खरं दोघांचंही होतं. माणूस गेलं की रडावंही लागतं आणि घरही उभं करावं लागतं. मन या दोन्हींत ये-जा करत राहिलं तरच सावरतं, असं मी मानते. पण अख्खं गावच दुःखात असलं की वाटणी होते: रडणं बायकांकडे, रांगा पुरुषांकडे. ती ये-जाच थांबते.

म्हटलं, एक दिवस कामं बदला. दोघांनाही पटलं नाही. तरी केलं.

तिनं पंचनाम्याची यादी वाचली. म्हशी होत्या, मोटर होती, तिचं शिलाई मशीन नव्हतं! “ब्लाऊज शिवून घर मीच चालवत होते की,” ती तिथंच म्हणाली. महिन्यात पहिल्यांदा तिचा आवाज चढला होता. इकडे घरी आत्यानं त्याला विचारलं, “वैनीनं शेवटचं काय खाल्लं रे?” “बिस्किट. मीच भिजवून दिलं,” म्हणाला आणि ढसाढसा रडला. ‘पुरुषासारखा पुरुष आणि रडतोस?’ असं आत्या म्हणाली नाही, हे नशीब.

माझा हा उपाय हवेतला नाही. जोडीदार गमावलेल्यांबाबत हेंक शुट आणि मार्गारेट स्ट्रोब या मानसशास्त्राच्या संशोधकांना नेदरलँड्समध्ये हेच दिसलं: पुरुषांना भावनांवर बोलण्याचा जास्त उपयोग झाला, बायकांना अडचणी सोडवण्याचा.

म्हणून नवऱ्याला ‘तुम्हाला काहीच कसं वाटत नाही’ विचारू नका. गेलेल्या माणसाची साधी आठवण विचारा. बायकोला ‘आता पुरे’ म्हणण्याऐवजी कागदपत्रं तिच्या हातात द्या, बँकेत सोबत न्या. आणि झोप उडाली, दारू वाढली, ‘जगून काय करू’ असं तोंडी आलं, तर थांबू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.